चांदिपुराच्या गोळीत काय दडलंय?

१९६५ साली नागपुरात डेंग्यू-चिकनगुन्याची साथ होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, तिथल्या रुग्णांचं रक्त तपासलं तेव्हा दोघांच्या रक्तात भलताच विषाणू सापडला. नागपूरजवळच्या गावावरून त्याचं नाव पडलं चांदिपुरा. तो पसरवते वाळूमाशी, भिंतींच्या भेगांमध्ये राहणारी, डासाहूनही लहान. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना या विषाणूनं गाठलं आणि त्यातली १८३ दगावली. पुष्कळशी तर दवाखान्यात आणल्यावर दिवसभरातच गेली.

इतका घात करणाऱ्या, बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या या विषाणूत असतात अवघी पाच प्रथिनं. पण ती पाचच, आणि हीच, हे कळलं कसं?

आधी विषाणू पेशींमध्ये वाढवतात. मग नळीत साखरेचं द्रावण भरतात, तळाशी घट्ट, वर पातळ. त्यावर विषाणू ओतून नळी प्रचंड वेगानं फिरवली की पेशींचा कचरा वेगळा होतो आणि विषाणू आपल्या घनतेच्या थराला थांबतो, फिकट धुरकट पट्ट्यासारखा. तो उचलून एसडीएसमध्ये उकळतात. शाम्पूला फेस आणणारा पदार्थ तो हाच. त्यानं प्रथिनांच्या गुंडाळ्या सुटून सरळ धागे होतात. ते जेलच्या पातळ वडीत सोडून वीज लावली की लहान धागा झपझप खाली उतरतो, मोठा वरच अडतो. वडी निळ्या रंगात बुडवून धुतली की पाच प्रथिनांचे पट्टे उमटतात: सगळ्यात वर एल, मग जी, एन, पी आणि तळाशी एम.

कोण कुठे बसतं हे कळायला विषाणू सोलावा लागतो. सौम्य डिटर्जंटनं बाहेरचं स्निग्ध आवरण विरघळतं आणि जी सुटून येतं, म्हणजे ते पृष्ठभागावरचं. मिठाचं प्रमाण वाढवलं की एम सुटतं, ते आवरणाच्या आतलं अस्तर. उरतो आरएनए, म्हणजे विषाणूची जनुकीय माहिती साठवणारा त्याचा जीनोम, त्याला घट्ट लपेटलेलं एन आणि सोबत पी व एल.

यातल्या पी-ची कथा मला फार आवडते. याच कुळातल्या, गुराघोड्यांच्या तोंडात फोड आणणाऱ्या विषाणूत ते आधी दिसलं. बाधित पेशीत भरपूर, विषाणूत मात्र थोडकं. म्हणून ते विषाणूच्या रचनेत नसतंच असं समजून त्याला ‘एनएस’, म्हणजे ‘रचनेत नसलेलं’, असं नाव दिलं. चांदिपुराच्या प्रथिनालाही तेच चिकटलं. शिवाय हे प्रथिन आम्लधर्मी, त्यामुळे जेलमध्ये रेंगाळतं आणि आहे त्याहून मोठं भासतं. पुढे शुद्ध केलेल्या विषाणूतही ते पक्कं सापडलं, त्याच्यावर फॉस्फेट असतं हेही ठरलं, आणि फॉस्फेटवरून नाव बदलून पी झालं.

पी नसेल तर एल-चं काम अडतं. एल हे आरएनएवरून आरएनएची नक्कल करणारं यंत्र, आणि विषाणूच्या जीनोमची अशी नक्कल करणारं यंत्र आपल्या पेशींत नसल्यामुळे विषाणू ते स्वतःसोबत घेऊन येतो. आज चांदिपुरावर मान्यताप्राप्त लस नाही, नेमकं औषधही नाही. विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं जी-ला चिकटतात, म्हणून लस शोधणाऱ्यांची नजर जी-वर आहे. औषध शोधायचं तर एल आणि पी यांची जोडी फोडता येते का, ते पाहायला हवं.