मरियामातेचा झगा आणि मोरीतली नीळ

आजीच्या मोरीत एका कोनाड्यात नीळ ठेवलेली असे. चिमूटभर पूड फडक्यात बांधायची, ती पुरचुंडी बादलीत दोनदा बुडवायची आणि त्या पाण्यातून आजोबांचं धोतर काढायचं. पुरचुंडी सुटली की धोतरावर निळे ठिपके, आणि मग दिवसभर आजीची बडबड. त्या पुडीचं आणि युरोपातल्या जुन्या चित्रांमधल्या मरियामातेच्या निळ्या झग्याचं रासायनिक कूळ एकच आहे, हे मला बरंच उशिरा कळलं. (चंपारणची नीळ ती ही नव्हे. ती झाडपाल्याची होती, ही दगडाच्या कुळातली.)

दगडाचं नाव लाजवर्द. ईशान्य अफगाणिस्तानात, बदख्शानच्या डोंगराळ मुलखात, कोकचा नदीच्या खोऱ्यात सर-ए-संग नावाच्या खाणी आहेत. तिथून हा दगड हजारो वर्षं बाहेर जातो आहे. अजिंठ्याच्या भिंतींवर जो गडद निळा दिसतो, तोही लाजवर्दाचाच. मध्ययुगात हा माल खेचरांवरून आणि मग जहाजांतून व्हेनिसला पोचे. म्हणून तिकडच्या रंगाऱ्यांनी त्याला ‘समुद्रापलीकडचा’ म्हटलं, तोच अल्ट्रामरीन.

पण दगड कुटला आणि रंग झाला, असं होत नाही. लाजवर्दात निळ्या खनिजाबरोबर पांढरं कॅल्साइट आणि सोनेरी चमकणारं पायराइट मिसळलेलं असतं. नुसती पूड केली तर राखाडी, मेलेला निळा मिळतो. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने 1400च्या सुमारास लिहून ठेवलेली युक्ती स्वयंपाकघरात शोभेल अशी आहे. राळ, डिंक आणि मेण वितळवून त्यात पूड घालायची आणि कणकेसारखा गोळा मळायचा. तो काही दिवस मुरू द्यायचा, मधूनमधून पुन्हा मळायचा. मग राखेच्या कोमट क्षारपाण्यात तो काठ्यांनी दाबत राहायचं. निळे कण सुटून तळाशी बसतात, बाकीचा कचरा मेणात अडकून राहतो. पहिल्या पाण्याचा रंग सर्वांत गडद आणि सर्वांत महाग. पुढच्या प्रत्येक पाण्याला तो फिकटत जातो आणि शेवटी हाती येते ती नुसती निळसर राख.

हा निळेपणा येतो कुठून? तांब्याच्या किंवा कोबाल्टच्या निळ्यात धातू रंग देतो. इथे मात्र ते काम गंधक करतं, जे एरवी पिवळंजर्द असतं. अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंचे सूक्ष्म पिंजरे, आणि त्यांत कोंडलेलं गंधकाच्या तीन अणूंचं त्रिकूट, ज्याच्यापाशी एक इलेक्ट्रॉन जादा आहे. मोकळ्या हवेत हे त्रिकूट टिकत नाही, पिंजऱ्यात शतकानुशतकं टिकतं. ते प्रकाशातला पिवळा-नारिंगी भाग गिळतं आणि निळा परत पाठवतं. धोतराचा पिवळेपणा मारायलाही हीच करामत उपयोगी पडत होती. मात्र आम्लाशी गाठ पडली की पिंजरे मोडतात, रंग जातो आणि गंधक सडक्या अंड्याच्या वासाचा वायू होऊन निघून जातं.

आता मरियामातेकडे. ती पहिल्यापासून निळ्यात नव्हती. इटलीतल्या रावेन्ना शहरात, सान्त आपोलिनारे नुओव्हो चर्चमध्ये, सहाव्या शतकातलं भिंतभर मोझेक आहे. तिथे ती सिंहासनावर बसली आहे ती जांभळ्या वस्त्रात. त्या काळी जांभळा हा सम्राटाचा रंग होता. पूर्वेकडच्या बायझंटाइन चित्रपरंपरेत तिची ओढणी पुढेही जांभळट-तांबडीच राहिली. पश्चिम युरोपात मात्र बाराव्या शतकापासून निळा तिचा होऊ लागला. ‘निळा म्हणजे आकाश, निळा म्हणजे पावित्र्य’ हे स्पष्टीकरण सगळीकडे वाचायला मिळतं. ते खोटं नाही, पण मला हिशेबाची वही जास्त बोलकी वाटते. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या अनाथालयाने 1485 साली दोमेनिको गिर्लांदायो या चित्रकाराशी वेदीमागच्या चित्राचा करार केला. त्यात निळा अल्ट्रामरीनच हवा, आणि तोही औंसाला सुमारे चार फ्लोरिनवाला (फ्लोरिन म्हणजे तिथलं सोन्याचं नाणं), असं नमूद आहे. देवाला शेला नेसवायचा तर पैठणचा, हा आपल्याकडचाच विचार. किमतीने मान मोजला जातो, आणि करारात लिहून घेतलं नाही तर कारागीर स्वस्त माल लावेल, ही धास्ती सगळीकडे सारखीच.

विसाव्या शतकात पुण्यात राहून चित्रं काढणाऱ्या आंजेलो द फोन्सेका या गोवेकराने मरियेला साडी नेसवली, तेव्हा गोव्यातल्या काही धर्मबांधवांना ते रुचलं नाही. ती चित्रं पाहताना मला रावेन्नाचं जांभळं वस्त्र आठवतं. तिला आपल्या माणसांत आणायचं म्हणजे आपलं वस्त्र द्यायचं, हे काही नवीन नव्हतं.

रंग वापरणारे हात नेहमी नामांकित पुरुषांचेच होते असंही नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जर्मनीतल्या डालहाइम इथल्या मठाच्या दफनभूमीतल्या एका स्त्रीच्या दातांवरचा किटण तपासला होता. ती साधारण 997 ते 1162 या काळात कधीतरी वारली असावी, वय 45 ते 60. शंभराहून अधिक निळे कण सापडले, लाजवर्दाचे. संशोधकांच्या मते सर्वांत पटणारं कारण साधं आहे: ती पोथ्या रंगवत होती आणि कुंचल्याचं टोक ओठांत धरून टोकदार करत होती.

चित्रकाराने काय रंगवलं हा अर्धा भाग, काळाने त्याचं काय केलं हा उरलेला. इटलीतल्या पादुआच्या एका चॅपेलमध्ये 1305च्या सुमारास जोत्तो या चित्रकाराने ओल्या गिलाव्यावर चित्रं केली. निळा मात्र भिंत वाळल्यावर, चिकटद्रव्य घालून वरून लावला. परिणामी बाकीचे रंग चुन्यात मुरून टिकले आणि निळा जागोजागी खपली होऊन गळला. इटलीतल्याच सिएना शहरातल्या, लाकडी फळ्यांवर काढलेल्या जुन्या चित्रांत संतांचे चेहरे काविळीपलीकडचे, चक्क हिरवट दिसतात. तो हेतू नव्हता. त्वचेखाली हिरव्या मातीचा थर द्यायचा आणि वर अंड्याच्या बलकात कालवलेल्या गुलाबीच्या बारीक रेघा, अशी रीत होती. गुलाबी झिजली, फिकटली, आणि खालचा हिरवा वर आला. इटलीतल्याच असिसी गावातल्या वरच्या चर्चमध्ये चिमाबुए या चित्रकाराच्या क्रूसारोहणाच्या चित्राची गत याहून विचित्र आहे. शिशाचा पांढरा रंग काळपट ऑक्साइडमध्ये बदलला. जिथे उजेड होता तिथे काळोख झाला, आणि सगळं चित्र फोटोच्या निगेटिव्हसारखं दिसतं.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत मायकेलँजेलोचं ख्रिस्ताच्या दफनाचं चित्र आहे, 1500च्या आसपासचं, अपुरं. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात मरियामाता बसणार होती, असं मानतात. ती जागा कोरी आहे. तो अल्ट्रामरीनची वाट पाहत राहिला आणि शेवटी काम सोडून गेला, असा एक तर्क आहे. सिद्ध झालेला नाही, पण तेव्हाचे भाव पाहता अशक्यही नाही.

ही टंचाई संपवली ती भट्टीने. सोड्याच्या आणि चुन्याच्या भट्ट्यांत कधीकधी निळी पुटं धरलेली दिसत. ती पाहून फ्रान्समधल्या एका संस्थेने 1824 साली कृत्रिम अल्ट्रामरीनसाठी 6000 फ्रँकचं बक्षीस लावलं. 1828 मध्ये ते झाँ-बाप्तिस्त गिमे याला मिळालं, आणि त्याच वर्षी जर्मनीतल्या ग्मेलिन या रसायनशास्त्रज्ञानेही आपली कृती प्रसिद्ध केली. चिकणमाती, सोडा, गंधक, कोळसा, आणि नेमकी आच. राजाश्रयाशिवाय न परवडणारा रंग काही वर्षांत धोब्यापर्यंत उतरला. 1858 साली फ्रान्समधल्या लूर्द गावच्या एका मुलीने दर्शनात पाहिलेल्या मरियेला पांढरा झगा आणि कमरेला निळा पट्टा होता. तिचे प्लास्टरचे पुतळे मग जगभर निघाले. निळा पट्टा रंगवताना आता कुणाच्या हिशेबाच्या वहीत फ्लोरिन मांडावे लागत नव्हते.

खाणीतला आणि भट्टीतला रंग रासायनिक दृष्ट्या इतके सारखे आहेत की क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजली तरी बहुधा फरक कळत नाही. म्हणून संग्रहालयातले तपासनीस मोहरीहून कितीतरी लहान टवका काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. दगडातून आलेले कण लहानमोठे, धारदार, मधूनच कॅल्साइटची खडी असलेले. भट्टीतले बारीक, गोलसर, एकसारखे. पाचशे वर्षांपूर्वीच्या म्हणवल्या जाणाऱ्या झग्यात असे गोलसर कण दिसले, तर एक तर मागाहून कुणी डागडुजी केली आहे, नाही तर विक्रेत्याला दोन प्रश्न विचारायला हवेत. आजीच्या कोनाड्यातली पूड त्या काचेखाली ठेवली असती, तर तीही अशीच दिसली असती: गोलसर, एकसारखी.