घसा दोन दिवसांत बरा, मग औषध दहा दिवस कशाला?

सात वर्षांच्या मुलाला दुपारपर्यंत काही नव्हतं. रात्री 102 ताप, घोट गिळवत नाही, डोकं दुखतंय, पोटही दुखतंय, एखादी उलटीसुद्धा. नाक मात्र कोरडं आणि खोकला अजिबात नाही. बालरोगतज्ज्ञाच्या मनात स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूची शंका येते ती या शेवटच्या वाक्यामुळे. वाहतं नाक, खोकला, बसलेला आवाज, लाल डोळे असतील तर दुखणं बहुतेक विषाणूंचं असतं आणि अँटिबायोटिकने त्यात तसूभरही फरक पडत नाही.

मुलांच्या घसादुखीत दहापैकी दोन-तीन वेळाच कारण हा जिवाणू असतो. त्याचं पूर्ण नाव स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस, म्हणजे ‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकॉकस. त्याचा जोर 5 ते 15 या वयात. तीन वर्षांखालच्या मुलांत तो क्वचितच घसा धरतो. लागण झाल्यापासून दोन ते पाच दिवसांत लक्षणं दिसतात. मुलाला उजेडाकडे तोंड करून ‘आ’ करायला लावलं, तर सुजलेले लालभडक टॉन्सिल, त्यांच्यावर पांढुरके ठिपके आणि टाळूवर रक्ताचे बारीक लाल टिपके दिसू शकतात. जबड्याच्या कोनाखाली बोटं दाबली की गाठी हाताला लागतात आणि मूल कळवळतं.

एवढं सगळं जुळलं तरी अनुभवी डॉक्टरही नुसत्या नजरेने चुकू शकतात. म्हणून घशातला स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने घेतलेला नमुना. झटपट चाचणीचं उत्तर काही मिनिटांत मिळतं. ती होकारार्थी आली तर भरवशाची, नकारार्थी आली तर मुलांमध्ये कल्चर (नमुन्यातले जिवाणू वाढवून पाहणं) केलेलं बरं, त्याला एक-दोन दिवस लागतात. तेवढं थांबल्याने बिघडत नाही. का, ते पुढे येईलच.

खरं तर हा घसा औषधाशिवायही आठवड्याभरात बरा होतो. औषध द्यायचं ते मुख्यतः हृदयासाठी. या जिवाणूच्या अंगावरची काही प्रथिनं आपल्या हृदयातल्या व सांध्यांतल्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात. जिवाणूवर सोडलेली प्रतिकारशक्ती काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी स्वतःच्याच शरीरावर उलटते. हा रुमॅटिक फीवर. आज गुडघा, परवा घोटा, मग मनगट असे सांधे सुजत जातात आणि ते पूर्ण बरेही होतात. हृदयाची झडप, बहुतेकदा मायट्रल, मात्र कायमची बिघडू शकते. भारतात हा आजार अजून गेलेला नाही.

पेनिसिलिनने तो टाळता येतो, हे अमेरिकेत वायोमिंगमधल्या वॉरेन लष्करी तळावर घसा आलेल्या जवानांना इंजेक्शनं देऊन दाखवलं गेलं, 1950 साली. लक्षणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी हे संरक्षण मिळतं. कल्चरसाठी थांबता येतं ते याच सवलतीमुळे. आणखी एक दिलासा म्हणजे इतकी वर्षं वापरूनही हा जिवाणू पेनिसिलिनला दाद देईनासा झालेला नाही. अझिथ्रोमायसिनबद्दल तसं म्हणता येत नाही. ‘तीन दिवसांत काम’ म्हणून ते मागून घेऊ नये, ते पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी राखलेलं बरं.

पेनिसिलिनच्याच कुळातल्या अमॉक्सिसिलिनचा नेहमीचा हिशेब वजनाच्या दर किलोला दिवसाला 50 मिलिग्रॅम (कमाल 1 ग्रॅम), दहा दिवस. ताप आधी उतरला तरी जिवाणू घशातून पुरता जावा म्हणून एवढे दिवस. घोळ होतो तो इथे. 16 किलोच्या मुलाला दिवसाला 800 मिलिग्रॅम, म्हणजे 5 मिलिलिटरमध्ये 250 मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे 16 मिलिलिटर. 30 मिलिलिटरची बाटली दोन दिवसही पुरत नाही. पूर्ण कोर्सला अशा सहा बाटल्या. घरात येते एक, ती संपेपर्यंत ताप उतरलेला असतो आणि दुसरी कुणी आणत नाही. बाटल्या एकदमच आणाव्यात, पण पावडर कालवायची एकेकीतच, कारण कालवलेलं औषध लेबलवरच्या मुदतीतच चालतं. आधी कोरडी बाटली ठोकून पावडर सुटी करावी, उकळून गार केलेलं पाणी अर्धं घालून हलवावं, मग खुणेपर्यंत भरावं. फेस बसला की पातळी खाली जाते. तेवढं पाणी पुन्हा घालावं. मोजायला सोबतचं माप किंवा बिनसुईची सिरिंज घ्यावी, घरातला चमचा नको. कोर्स पुरा होईल याची खात्री नसेल, तर डॉक्टर बेंझाथिन पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन देऊ शकतात: 27 किलोखाली 6 लाख युनिट, त्यावर 12 लाख. दुखतं भरपूर, पण काम चोख.

औषध सुरू होऊन एक पूर्ण दिवस गेला आणि ताप उतरला, की मुलाला शाळेत पाठवायला हरकत नाही. मिठाच्या गुळण्या आणि पॅरासिटामॉल दुखणं कमी करतात. ॲस्पिरिन मुलांना नाही. अंगावर सँडपेपरसारखं खरखरीत लाल पुरळ उठलं तर तो स्कार्लेट फीवर. जिवाणू तोच, औषधही तेच. तोंड उघडेना, लाळ गळायला लागली, श्वासाला त्रास व्हायला लागला किंवा घशात खरवडल्यावर रक्त येणारा करडा पापुद्रा दिसला (घटसर्पाची शंका), तर थेट रुग्णालय.

एक-दोन आठवड्यांनी डोळ्यांभोवती सूज आणि काळपट तपकिरी लघवी दिसली, तर मूत्रपिंडांना दाह झालेला असू शकतो. याच जिवाणूमुळे त्वचेवर आलेल्या पिवळ्या खपल्यांच्या फोडांनंतरही, तीन ते सहा आठवड्यांनी, हे होतं. अँटिबायोटिकने ते टळेलच असं नाही, म्हणून रक्तदाब आणि लघवी तपासून घ्यावी.

आणि एएसओ ही रक्तचाचणी, म्हणजे या जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांचं मोजमाप. तिचा आकडा लागणीनंतर तीन ते पाच आठवड्यांनी सर्वांत वर जातो. घसा आज स्ट्रेपचा आहे की नाही, हे ती सांगूच शकत नाही. तरी पाय दुखतात म्हणून एएसओ, तो वाढला म्हणून रुमॅटिक फीवरचा शिक्का, असं घडतं. शाळकरी मुलांत तो आकडा सहज वाढलेला सापडतो. तेवढ्यावरून वर्षानुवर्षं दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू करायला कोणी सांगत असेल, तर आधी हृदयाची इको तपासणी आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं.