चोर कुठल्या दिशेने गेला, हे कुत्र्याला कसं कळतं?

जालना-बीडकडच्या घरफोड्यांच्या बातम्या वाचा. श्वान पथक येतं, कुत्रं डांबरी रस्त्यापर्यंत माग काढतं आणि तिथेच घुटमळतं. लगेच पारावर निकाल लागतो, 'काही कामाचं नाही ते.' अहो, चोर तिथून गाडीवर बसला असावा, एवढा तरी अंदाज आला ना? त्या रस्त्यावरचे सीसीटीव्ही तपासता येतात.

मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. वावरात मधेच माग लागला, तर कुत्रं उलट्या दिशेने का जात नाही? वास तर दोन्हीकडे आहे.

नॉर्वेत चार जर्मन शेफर्डवर याचा प्रयोग झाला, १९९३ साली. गवतातला माग वीस मिनिटं जुना होता. कुत्री मागाला आडवी आली, तीन ते पाच सेकंदांत दोन-पाच पावलं हुंगली आणि बरोबर दिशेला वळली. हुंगण्याचा वेग सेकंदाला सुमारे सहा वेळा! पुढे २००५ मध्ये बेलफास्टच्या संशोधकांना दिसलं, की सलग पाच ठसे मिळाले तर दिशा कळते, तीनच मिळाले तर नाही. आता हिशेब करा. वीस मिनिटं म्हणजे १२०० सेकंद. पाच पावलं टाकायला लागतात दोन-अडीच सेकंद. म्हणजे पहिल्या आणि पाचव्या ठशाच्या वयातला फरक पाचशेत एक भाग. ठशातून वासाचे रेणू सतत उडत असतात, त्यामुळे आधीचा ठसा किंचित फिका, नंतरचा किंचित तीव्र. दिशा एका ठशात नसतेच, ती या चढात असते. तो चढ नाकाला जाणवत असावा.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे आणखी अवघड. तापलेल्या जमिनीवरून रेणू भराभर उडतात आणि धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही. त्यात बघ्यांनी अंगण तुडवलेलं.

दोरीच्या दुसऱ्या टोकाला हँडलर, म्हणजे कुत्र्याला हाताळणारा पोलीस. दोघं प्रशिक्षणही सोबतच घेतात. शेपूट, मान, दोरीचा ताण यांवरून तो कुत्र्याला ओळखतो, पण कुत्रंही त्याला ओळखतं. कॅलिफोर्नियातल्या २०११ च्या एका अभ्यासात कुत्र्यांनी शोधावं असं कुठेच काही लपवलेलं नव्हतं, फक्त लपवलंय असं हँडलरना भासवलं होतं. तरी बहुतेक फेऱ्यांत 'सापडलं' असा इशारा नोंदवला गेला!

त्यामुळे कुत्रं अंगावर भुंकलं म्हणून कुणाला चोर ठरवणं आणि देवऋष्याकडून तांदळाचे दाणे टाकून चोर काढणं, यांत फारसं अंतर उरत नाही. न्यायालयंही निव्वळ कुत्र्याच्या मागावर विसंबत नाहीत, सोबत दुसरा पुरावा मागतात.