प्रवाळ फिकट पडलं म्हणजे उजेड कमी पडतोय?

खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ पाळणाऱ्यांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: मेटल हॅलाइड हा जास्त वीज खाणारा जुना दिवा काढून कमी वॅटचा एलईडी लावला, की तो पहिल्या दिवसापासून फुल्ल चालवायचा. तरी प्रवाळ फिकट पडलं तर उजेड आणखी वाढवायचा. हे म्हणजे आगीत तेल.

वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो, एवढंच. प्रवाळापर्यंत कामाचा उजेड किती पोचतो, ते पार (PAR) मीटर, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेड मोजणारं यंत्र, सांगतं. आणि कमी वॅटचा एलईडीही तिथे जुन्या दिव्याला मागे टाकू शकतो.

प्रवाळाच्या पेशींत झूझँथेली ही सूक्ष्म शैवाळं राहतात. त्यांनी बनवलेल्या अन्नावरच त्याचं बरंचसं भागतं. उजेड एकदम वाढला की शैवाळाला तो झेपत नाही, ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि प्रवाळ शैवाळ गमावून पांढरं पडतं. उजेड कमी असेल तर बहुधा उलट होतं: रंगद्रव्य वाढून ते तपकिरी दिसू लागतं. दिव्याकडच्या बाजूचा रंग उडालेला आणि खालची सावलीतली शाबूत असेल, तर संशय जास्त उजेडावरच घ्यावा. (पाण्याचं तापमानही बघाच; उष्णतेनंही प्रवाळ असंच पांढरं पडतं.)

नवा एलईडी निम्म्या उजेडाच्या आसपास सुरू करून तीन-चार आठवड्यांत चढवावा. मध्येच रंग उतरला तर एक पायरी मागे यावं. उजेड कमी-जास्त करणारा डिमर नसेल तर दिवा उंच टांगावा. अॅक्रोपोरा जातीचं प्रवाळ पुढे भरपूर उजेड मागेल, मशरूम प्रवाळाला मात्र तळाशीच राहू द्या.