‘श्यामची आई’ वर्गात वाचताना : वाचनपेटीसोबतचं माहितीपत्रक

सर, मॅडम, नमस्कार.

पेटी उघडल्यावर आधी प्रती मोजून घ्या. २० आहेत, म्हणजे एका बाकाला एक. चाळीस मुलांना वीसच का, असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. एका पुस्तकात दोन डोकी असली की अडखळणाऱ्याला शेजारचा ओळीवर बोट ठेवून पुढे नेतो, म्हणून. वह्या मात्र ४० आहेत. गाइड नाही, आणि मागितलं तरी आम्ही देणार नाही. कादंबरी धड्यासारखी शिकवली, प्रत्येक प्रकरणाखाली ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ आलं, की मुलं गोष्ट सोडून उत्तरं शोधत वाचतात.

हेच पुस्तक का? साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहायला घेतलं आणि प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलं. श्याम रोज रात्री मित्रांना आईची एक आठवण सांगतो. अशा ४२ रात्री आहेत, आणि मोठ्याने वाचल्या तर बऱ्याचशा एका तासिकेत बसतात. सगळ्या वाचायचा हट्ट नको. आपल्या विदर्भात शाळा उशिरा उघडतात. तेव्हापासून दिवाळीपर्यंत आठवड्याला एक, या हिशेबाने आम्ही १४ रात्री निवडल्या आहेत. दुसरं कारण व्यवहाराचं. गुरुजी १९५० साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे मूळ मजकुराची झेरॉक्स काढायला २०११ पासून हरकत नाही. हयात लेखकांच्या पुस्तकांना हे लागू नाही, तेवढं सांभाळा.

पहिलं वाचन तुमचं. मोठ्याने, सावकाश, आणि मध्येच थांबायचं. पोहण्याच्या रात्री श्याम पाण्याला भिऊन लपतो आणि आई त्याला मारून बाहेर काढते. इथे पुस्तकं मिटवा. पाच मिनिटं प्रत्येकाने श्याम होऊन लिहायचं. कुणी ‘आई मले काहून मारून राह्यली’ असं लिहील. लाल पेन उचलू नका. प्रमाणभाषेत दुसरा खर्डा पुढच्या आठवड्यात करता येतो, पण पहिल्याच ओळीला थांबवलेलं पोर पुन्हा दोन ओळींपुढे जात नाही, हे आम्ही कितीतरी वह्यांत पाहिलं आहे.

‘पत्रावळ’ ही सातवी रात्र आमची लाडकी. त्या दिवशी पळसाची पानं आणि बारीक काड्या मागवा. पळस आपल्याकडे गावाबाहेर निघालं की दिसतो. बाजारातली यंत्रावर दाबलेली पत्रावळ नको. आधी मुलांनी स्वतः लावून बघायची, मग कृती लिहायची, आणि ती वही मागच्या बाकावर द्यायची. त्या बाकाने फक्त लिहिलेलं वाचून पत्रावळ लावायची, तोंडाने विचारायचं नाही. ‘मग टाचा’ एवढंच लिहिणाऱ्याला कळतं की कुठे, कशाने आणि किती, हे राहूनच गेलं. वाळलेली पानं तडकतात, आधी पाण्याचा हात फिरवा. वर्गात कचरा होतो, झाडू जवळ ठेवा.

‘देवाला सारी प्रिय’ ही रात्र मात्र घाईत घेऊ नका. अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या एका म्हातारीची लाकडांची मोळी खाली पडलेली असते. आई श्यामला ती उचलून द्यायला सांगते, आणि घरी येऊन आंघोळ करायलाही. दीक्षाभूमीच्या गावात कुणीतरी विचारणारच, ‘मग आंघोळ कशाले?’ हा प्रश्न दाबू नका आणि लगेच उत्तरही देऊ नका. वहीच्या डाव्या रकान्यात पुस्तकातलं वाक्य, उजव्या रकान्यात आपलं म्हणणं, असं लिहू द्या. आई चांगलीच होती, हे पटवून द्यायची घाई आपल्याला असते. मुलांना तिचं अर्धं पाऊल दिसतं, ते दिसू द्या. मग सांगा, की याच लेखकाने १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. आणि वर्गात कुणाच्याही जातीकडे बोट जाईल असा प्रश्न नको. ‘तुमच्या घरी काय पाळतात?’ हासुद्धा नको.

शब्दांच्या पट्ट्या भिंतीला लावा. ओटी, पडवी, माजघर हे कोकणातलं घर आहे. आपल्याकडे त्याला काय म्हणतात, ते मुलं आजीला विचारून पट्टीखाली लिहितील.

शेवटी आई जाते. वर्गात आई नसलेलं मूल असेल तर आधी त्याच्याशी बोला, आणि त्याला त्या दिवशी लिहायला लावू नका. आम्ही एका वर्गात हे विसरलो होतो. सगळे लिहीत होते आणि एक मुलगा पूर्ण तासिका पेन्सिलीला टोक करत बसला.

१९५३ सालचा चित्रपट दाखवायचा असेल तर सगळं वाचून झाल्यावर दाखवा.

पेटी दिवाळीच्या सुटीआधी परत करा. पानं फाटली असतील तर चिकटपट्टी लावू नका, आम्ही डिंकाने डागडुजी करतो. समासात पेन्सिलीने काही लिहिलेलं असेल तर खोडू नका. पुढच्या शाळेतली मुलं आधी तेच वाचतात.