'शारदा'तले लग्न गोत्रावरून का मोडले?

'संगीत शारदा' या नाटकातले लग्न नवरीने नकार दिला म्हणून मोडत नाही. पंचाहत्तरीचा धनाढ्य भुजंगनाथ बाशिंग बांधून उभा असतो. दलाली भद्रेश्वर दीक्षिताने केलेली असते आणि पैशाच्या लोभाने कांचनभट पोटची पोर शारदा द्यायला तयार असतो. अशा वेळी कोदंड हा तरुण पुढे येऊन वर आणि वधू सगोत्र, म्हणजे शास्त्राने एकमेकांशी लग्नाला अपात्र, असल्याचे उघड करतो, आणि तेवढ्याने सारे थांबते. साठेक वर्षांचे अंतर, मुलीचा उघड सौदा, तिचा आक्रोश यांपैकी कशानेही ते थांबले नसते. गोविंद बल्लाळ देवलांनी नाटकाची कळ नेमकी इथे का ठेवली, ते समजायला आधीची पंधरा-वीस वर्षे पाहावी लागतात.

जरठ-कुमारी विवाह, म्हणजे म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचे लग्न, हा एखाद्या विषयासक्त म्हाताऱ्याचा चाळा नव्हता. ब्राह्मण आणि इतर उच्चवर्णीय घरांत मुलीचे लग्न ऋतुप्राप्तीपूर्वी झालेच पाहिजे असा दंडक होता. विधवेला पुन्हा लग्न नाही. विधुराला मात्र कितीही वेळा मुभा. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाहाला मान्यता दिली होती, पण असे लग्न करणाऱ्यावर जातीचा बहिष्कार पडे. मग चाळिशीच्या, साठीच्या विधुराने बायको आणायची कुठून? अविवाहित म्हणजे दहा-अकरा वर्षांची पोरच. विधवाविवाहाचा कैवार घेणारे न्यायमूर्ती रानडेसुद्धा यातून सुटले नाहीत. १८७३ साली पहिली पत्नी गेल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि एकतिसाव्या वर्षी त्यांचे लग्न अकरा वर्षांच्या रमाबाईंशी झाले. पुढे त्यांनी रमाबाईंना शिकवले, हे खरे. पण रानड्यांसारखा माणूस जिथे अडकला, तिथे कांचनभटाच्या घरातल्या मुलीला कोण विचारणार? शिवाय नवरा म्हातारा म्हणजे वैधव्य जवळच उभे, आणि वैधव्य म्हणजे केशवपन, आलवण (विधवेचे तांबडे लुगडे) आणि माजघरातला अंधार.

या व्यवस्थेला एका बाईने कोर्टात उघड नकार दिला होता, तोही मुंबईतच. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याकडे, दादाजी भिकाजींकडे, नांदायला जायचे नाकारले. १८८४ साली दादाजींनी दावा लावला. संमतीविना झालेले बालपणीचे लग्न आपल्याला बांधू शकत नाही, ही रखमाबाईंची भूमिका होती. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. अपिलात तो निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तुरुंग पत्करीन, असे रखमाबाईंनी कळवले. अखेर १८८८ साली २,००० रुपये देऊन प्रकरण मिटले. त्या लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतेत त्यांनी वर्षानुवर्षे रुग्णसेवा केली. माझ्या मते 'शारदा'च्या पार्श्वभूमीतली सर्वांत तेजस्वी व्यक्ती हीच, आणि तिची सावलीसुद्धा नाटकावर पडलेली दिसत नाही.

त्यामागे १८९१ चा धडा असावा. कलकत्त्यात फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली, आणि त्यानंतर संमतिवयाची, म्हणजे शरीरसंबंधासाठी मुलीच्या किमान वयाची, मर्यादा दहावरून बारा वर्षे करण्याचे बिल आले. दोनच वर्षांची ती वाढ, पण पुणे पेटले. आगरकर 'सुधारका'तून कायद्याच्या बाजूने लढले. टिळकांनी परक्या सरकारने धर्मात हात घालू नये म्हणून कडाडून विरोध केला. मार्चमध्ये कायदा झाला, पण 'सरकारी सुधारणा' हा शिक्का समाजसुधारणेवर कायमचा बसला.

१३ जानेवारी १८९९ रोजी इंदुरात किर्लोस्कर नाटक मंडळीने 'शारदा'चा पहिला प्रयोग केला. प्रेक्षागृहात सनातनी आणि सुधारक दोघेही बसणार, हे देवलांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी शास्त्राच्याच हाती कुऱ्हाड दिली: लग्न थांबते सगोत्राच्या नियमाने, आणि नदीत जीव द्यायला निघालेल्या शारदेचे कोदंडाशी लग्न होते शंकराचार्यांच्या अनुमतीने. यात भित्रेपणा होता असे मला वाटत नाही. लोकांना गाफील गाठण्याची ती पक्की नाट्यदृष्टी होती. किंमत मात्र शारदेने मोजली. एका पुरुषाने विकले, दुसऱ्याने सोडवले, तिसऱ्याने परवानगी दिली. तिची आई इंदिराकाकू तळमळते, पण नवऱ्यापुढे तिचा शब्द चालत नाही. कन्यादान बापाने करायचे, आईने नुसते पाणी सोडायचे. शारदेचे स्वतःचे बोलणे उरते ते पदांत. 'मूर्तिमंत भीती उभी' म्हणताना तिचा थरकाप ऐकू येतो, आणि 'तू टाक चिरुनि ही मान' ती आईलाच सांगते. तर्काने पटले नसते ते या पदांनी घराघरांत पोचवले. आणि रंगभूमीवर तेव्हा ही पदे गाणारा पुरुष होता, कारण किर्लोस्कर मंडळीत स्त्रीभूमिका पुरुषच करत.

वयातल्या अंतरावर कायद्याने घाव घालता येतो, हे म्हैसूर संस्थानाने १८९४ सालीच दाखवले होते. तिथे पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाने चौदा वर्षांखालील मुलीशी लग्न करणे गुन्हा ठरला होता. ब्रिटिश हिंदुस्थानात विवाहाच्या वयाचा कायदा आला १९२९ मध्ये. अजमेरच्या हरबिलास सारडांनी मांडलेला, त्यांच्याच आडनावाने ओळखला जाणारा हा कायदा. नावाच्या साम्यामुळे देवलांच्या नायिकेशी त्याचा संबंध उगाच जोडला जातो. त्याने मुलीचे वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरवले. हे वय न पाळणाऱ्याला शिक्षा होती, पण झालेले लग्न कायमच राहत असे. वरपक्षाच्या वयाला वरची मर्यादा घातलीच नव्हती. मुलीला चौदा पुरी झाली की पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाला ती देण्यास या कायद्याची काहीच हरकत नव्हती.