ब्रुक, जॉन मर्सर

ब्रुक, जॉन मर्सर : (१८ डिसेंबर १८२६–१४ डिसेंबर १९०६). अमेरिकन नौदल अधिकारी, जलसर्वेक्षक व तोफांचा अभिकल्पक. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेच्या राज्यसंघाचा (फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या संघाचा) अधिकारी. ‘व्हर्जिनिया’ या चिलखती युद्धनौकेशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले आहे. जन्म फ्लॉरिडातील फोर्ट ब्रुक (आताचे टँपा) येथे. हा किल्ला त्याच्या वडिलांच्या, जॉर्ज मर्सर ब्रुक या लष्करी अधिकाऱ्याच्या, नावाने ओळखला जाई. १८४१ मध्ये तो नौदलात दाखल झाला.

वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत तिचा प्रमुख मॅथ्यू मॉरी याच्या हाताखाली असताना, बहुधा १८५३ च्या सुमारास, त्याने खोल समुद्र मोजण्याचे साधन तयार केले. तोवर वजन तळाला टेकले तरी प्रवाहाच्या ओढीने दोरी सुटतच राही आणि खोली फसवी निघे. जड वजन वर ओढताना दोरी तुटे. ब्रुकने तोफगोळ्याला आरपार भोक पाडून त्यातून दांडा ओवला. दांडा तळाला टेकताच गोळा सुटून खाली राही आणि हलका दांडा टोकाला अडकलेला गाळ घेऊन वर येई. अटलांटिकच्या तळाचा पुरावा हाती आला तो असा. यादवी युद्धाच्या झळाळीत हे काम झाकोळले. वास्तविक ते अधिक टिकाऊ आहे.

१८६० मध्ये ‘कान्रिन मारू’ या जपानी जहाजाच्या सॅन फ्रॅन्सिस्को सफरीत तो होता. वादळी सफरीत जहाज सांभाळण्याचे बरेच श्रेय त्याच्या रोजनिशीवरून त्याला व त्याच्या खलाशांना जाते. जपानी कथनांत मात्र हा वाटा बराच लहान दिसतो.

एप्रिल १८६१ मध्ये राजीनामा देऊन तो दक्षिणेला मिळाला. गुलामगिरीवर उभ्या असलेल्या राज्यसंघाकडे जहाजे जवळजवळ नव्हतीच. म्हणून नौदलमंत्री स्टीफन मॅलरी याने चिलखती नौकेचा आग्रह धरला व ब्रुकला आराखडा मागितला. या नौकेच्या श्रेयाचा पुढचा वाद येथूनच सुरू होतो. जहाजबांधणीतज्ज्ञ जॉन पोर्टर याच्या म्हणण्यानुसार अशा नौकेची कल्पना त्याने १८४६ मध्येच पिट्सबर्ग येथे कागदावर उतरवली होती. मॅलरीने मार्च १८६२ च्या अहवालात श्रेय ब्रुकला दिले आणि २९ जुलै १८६२ रोजी राज्यसंघाचे १०० क्रमांकाचे एकस्वही (पेटंटही) ब्रुकलाच मिळाले. मंत्र्याची मर्जी ध्यानात घेता एकस्व हा एकटा पुरावा पुरेसा नाही. तिरप्या भिंतींचे छत व लोखंडी आवरण यांवर दोघांपैकी कोणालाही पहिला हक्क सांगता येत नाही. लोखंडी पत्र्यांनी मढवलेल्या फ्रेंच तरत्या तोफनौका १८५५ मध्ये किनबर्नला लढल्या होत्या. जहाजाची दोन्ही टोके छताबाहेर लांबवून पाण्याखाली ठेवणे ही गोष्ट मात्र नवी होती आणि ती ब्रुकचीच असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रत्यक्ष नकाशे व बांधणी पोर्टरची, यंत्रे विल्यम विल्यम्सनकडे, तर चिलखत व तोफा ब्रुककडे, अशी वाटणी होती. नवी यंत्रे मिळत नसल्याने व्हर्जिनियातील गॉस्पोर्ट गोदीत जळून बुडालेल्या ‘मेरिमॅक’ या फ्रिगेटच्या (युद्धनौकेच्या) सांगाड्यावरच ‘व्हर्जिनिया’ उभारण्यात आली.

जेम्सटाऊन बेटावरील चाचणीत एक इंच जाडीच्या पत्र्यांचे थर फुटले, म्हणून दोन इंची पत्र्यांचे दोन थर घेण्यात आले. नौका पाण्यात अपेक्षेपेक्षा हलकी तरंगली. टोके बुडवण्यासाठी तिच्यात बिडाचे वजन भरावे लागले. ८ मार्च १८६२ रोजी हॅम्प्टन रोड्स येथे तिने उत्तरेची ‘कंबरलंड’ व ‘काँग्रेस’ ही लाकडी जहाजे नष्ट केली. दुसऱ्या दिवशी ‘मॉनिटर’ या उत्तरेच्या चिलखती नौकेशी झालेली लढत अनिर्णित राहिली. खोल बुडणारी ही नौका जेम्स नदीत वर नेता न आल्याने ११ मे रोजी तिच्याच खलाशांनी पेटवून दिली.

त्याने अभिकल्पिलेल्या ब्रुक तोफेची नळी बिडाची, आतून पेचदार खाचांची. दारूचा दाब सर्वांत जास्त असे त्या मागील भागावर घडीव लोखंडाची कडी तापवून चढवत. रिचमंडचा ट्रेडेगार कारखाना व अलाबामातील सेल्मा येथे या तोफा ओतल्या गेल्या. मार्च १८६३ पासून ब्रुक राज्यसंघाच्या नौदलातील तोफखाना व जलसर्वेक्षण विभागाचा प्रमुख होता.

युद्धानंतर त्याने व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन केले. १८९१ मध्ये ‘व्हर्जिनिया’च्या श्रेयाविषयी त्याने आपली बाजू लेखातून मांडली. निधन लेक्सिंग्टन येथे.